माझे उघडे दार

मित्रांनो, मी एक जुनी प्रतिकृती आहे. पुठ्ठा, पातळ लाकूड आणि डिंक यांची. ज्या इमारतीत मी काचेच्या पेटीत बसले आहे, तिचेच हे छोटे रूप. फरक एवढाच होता, की माझे रस्त्याकडचे दार उघडे होते.

माझा जन्म एका आर्किटेक्ट बाईंच्या टेबलावर झाला. तेव्हा विद्यापीठ आणि शहर यांच्यामध्ये उंच भिंत होती. ती पाडून, पोटातून वाट जाईल अशी इमारत बाईंना उभारायची होती. एकीकडून विद्यार्थी यावेत, दुसरीकडून शहरातली माणसे, आणि मधल्या वाचनालयात सगळ्यांनी एकाच बाकावर बसावे. त्यांनी चिमट्याने माझ्या वाटेवर इवलीशी माणसे चिकटवली. त्यात दारातून आत शिरणारी एक पिशवीवाली बाईही होती.

वाटेच्या तोंडाशी शिंपीणकाकूंच्या दुकानाचा ओटा आडवा येत होता. बाई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. काकूंनी वाकून मला निरखले.

"ही पिशवीवाली मीच का? माझी कंबर एवढी बारीक कधी होती गं बाई!" त्या हसल्या. "घ्या ओटा. पण दार उघडं ठेवा हो. सुनेला पुढे शिकायचंय. घरात दिवसभर मशीनची खडखड, पोरीचं वाचनात मन लागत नाही."

ओटा गेला. इमारत उभी राहिली. उद्घाटनाला पाहुण्यांनी माझे तोंडभर कौतुक केले. त्यांच्या गाड्या वळल्या आणि त्याच आठवड्यात रस्त्याकडच्या दाराला साखळी लागली. का, तर कोणीही आत येईल! अहो, कोणीही यावे म्हणूनच तर ते दार होते!

काकू सुनेला घेऊन आल्या. पहारेकऱ्याने बाहेरच अडवले. काकूंनी दाराच्या काचेतून माझ्याकडे बोट दाखवले.

"तिथे बघ, मी आत चाललेय. मग इथे बाहेर का रे?"

"काकू, ते खेळण्यातलं आहे."

"खेळण्यासाठी कोणी आपला ओटा देतं होय?"

तो ओशाळला. आत जाऊन त्याने व्यवस्थापकांना सगळे सांगितले. साहेब लगेच आले. त्यांनी साखळी काढली नाही. पुठ्ठ्याची पट्टी कापून माझे दार बंद केले. म्हणाले, "लोकांचा गैरसमज नको."

गैरसमज! मित्रांनो, मला आवाज नाही, पण त्या दिवशी माझा सांधा न् सांधा पेटला. दिलेला शब्द म्हणजे व्रत. ते उद्घाटनापुरते नसते, रोज पाळायचे असते.

काकूंची सून आता बाहेर दारापुढच्या पायरीवर बसून वाचते. पूर्वी तिथेच त्यांचा ओटा होता. तिथूनही तिला उठवतात.

माझी काच मात्र नेमाने पुसली जाते. नका पुसू. धूळ बसू द्या माझ्यावर. आधी ती साखळी काढा. पट्टी चिकटवताना साहेबांना पिशवीवाली दिसलीच नाही. ती अजून आतच आहे, सुनेची वाट बघत.