मुद्दाम चुकवलेले फटके

रविवारी सकाळी अकरा वाजता एकनाथने शेवटचा चेंडू भोकात घातला आणि क्लबची स्पर्धा जिंकली. दुपारच्या जेवणापर्यंत त्याला लबाड म्हणणारी माणसंही तयार झाली होती.

मित्रांनो, तो चेंडू मी ढकलला होता. मी गोल्फचा एक जुना पटर आहे. लांबचे फटके दुसऱ्या काठ्या मारतात. चेंडू भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर आला की मला पिशवीतून काढतात. जालंधरच्या एका कारखान्यात मला घडवलं. डोकं पितळेचं, दांडा पोलादाचा. एका इंजिनिअरने मला तारापूरला आणलं, काही वर्षं माझं कौतुक केलं, आणि बदली झाल्यावर क्लबच्या खोलीत विसरून गेला. इथल्या खाऱ्या हवेने माझं पितळ हिरवं पडलं, मूठ कुजली. एकनाथने मला उचललं, चिंच लावून घासलं आणि मुठीवर जाळं विणायचा दोरा घट्ट गुंडाळला. तो मुरबे या मच्छीमार गावचा. घरची होडी भाऊ चालवतो. एकनाथ बोईसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि सरावलीला राहतो.

त्याला खेळायला आणलं ते कारखान्याचे मॅनेजर चंद्रभान साहेबांनी. रविवारी बरोबर खेळायला त्यांना कोणीतरी हवं होतं. सुरूच्या झाडांमधलं नऊ भोकांचं मैदान, तेच दोनदा फिरायचं. एकनाथचा हात पहिल्यापासून चांगला. पण आज साहेबांना हरवून उद्या त्यांच्यासमोर कामाला कसं उभं राहायचं, हे त्याला सुचेना. म्हणून साहेब मागे पडू लागले की ग्रीनवर तो मला ऐन वेळी किंचित तिरपा धरायचा. चेंडू भोकाच्या कडेने निघून जायचा.

"अरे एकनाथ, चार फुटांवरून कसा चुकतोस रे?" साहेब हसत म्हणायचे.

"वारा होता, साहेब."

"जमिनीवरून जाणाऱ्या चेंडूला वारा?"

मग दोघे चहा प्यायचे. साहेबांचा पुढचा आठवडा आनंदात जायचा.

यात कोणाचं काही बिघडतंय असं एकनाथला वाटलं नाही. पण प्रत्येक फेरीच्या फटक्यांचं कार्ड क्लबच्या संगणकात जात होतं. गोल्फमध्ये ज्याला कमी फटके लागतील तो जिंकतो; कच्च्या खेळाडूला त्यातून काही फटक्यांची सूट मिळते, तिला हँडिकॅप म्हणतात. शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ निवडून त्यांच्या सरासरीवरून ती ठरते. एकनाथच्या वीसही फेऱ्या साहेबांबरोबरच्या. म्हणून त्याची सूट वाढत वाढत एकोणीसवर गेली.

त्या रविवारी साहेब भाचीच्या लग्नाला सुरतेला गेले होते. एकनाथ पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय खेळला आणि मी पहिल्यांदाच सतत सरळ राहिलो. त्याला ब्याऐंशी फटके लागले. सूट वजा करून त्रेसष्ट. एवढा कमी आकडा या मैदानावर कोणी पाहिला नव्हता.

दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या सुजितने बक्षीस घेताना सगळ्यांसमोर म्हटलं, "एकनाथराव, पुढच्या वेळी आधी कळवा. आम्ही घरूनच टाळ्या वाजवू."

बुधवारी संध्याकाळी याच गोष्टीवरून क्लबची समिती बसली. एकनाथने पिशवी व्हरांड्याच्या खांबाला टेकवली होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. सचिव जागृती मॅडमनी शांतपणे मांडलं. फेरी इतकी चांगली होती की संगणकाने नियमाप्रमाणे एकोणीसचे सतरा केले. समितीला वाटलं तर सूट आणखी उतरवता येते. पण कोणी सूट मिळवण्यासाठी मुद्दाम वाईट खेळला असेल, तर त्याचं बक्षीस जातं, आणि वर्षभर खेळता येत नाही.

"एकनाथ, तुम्ही मुद्दाम चुकत होतात का?" त्यांनी विचारलं.

उत्तर समितीचे अध्यक्ष चंद्रभान साहेबांनी दिलं. "मॅडम, याच्याबरोबर सगळ्या फेऱ्या मी खेळलोय. हा खरंच चुकतो. इतक्या वेळा मी याला हरवलंय, मला कळणार नाही? याची जबाबदारी माझी."

मॅडम एकनाथकडेच बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "मग या रविवारी तुम्ही दोघं खेळा. मी बरोबर चालेन. त्यानंतर ठरवू."

"नेहमीसारखा खेळ," साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

घरी त्याची बायको दमयंती बोंबील साफ करत होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

"मंग खरं सांगा ना," ती म्हणाली.

"काय सांगू? साहेब, तुमी जिंकत नव्हता, मी जिंकू देत होतो? तो मानूस माझ्यासाठी भांडला आज."

"आनि रविवारी परत चुकलात तर?"

"तर सुटलो. साहेबांचा शब्द हाय."

"सुटलात कसले? तुमच्यापायी ते खोटे पडले ना. त्यांना म्हायतबी नाय." तिने पाणी ओतलं. "भावाला होडीवर मासळीचा खोटा हिशोब दिला असतात का, तो खूश व्हावा म्हनून?"

एकनाथ जेवला नाही. त्याने मला मांडीवर घेऊन कापडाने पुसलं, बराच वेळ.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जपा, त्यांना गंज चढू देऊ नका. आणि कोणाशी खेळाल तेव्हा मनापासून खेळा, मग समोर कोणीही असो. ज्याला तुम्ही मुद्दाम जिंकू देता तो त्या जिंकण्यावर विश्वास ठेवतो आणि एक दिवस त्याच भरवशावर चारचौघांत उभा राहतो. तेव्हा त्याला तिथून खाली कसं उतरवायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

आज रविवार. ते पहिल्या ग्रीनवर आहेत. साहेबांचे पाच फटके झाले, चेंडू भोकात गेला. एकनाथचा चेंडू भोकापासून जेमतेम चार फुटांवर आहे. त्याचे तीन झालेत; हा आत गेला तर साहेब एका फटक्याने मागे पडतील. साहेब बाजूला उभे राहून त्याला हसून धीर देत आहेत. जागृती मॅडम थोड्या मागे आहेत, हातात कार्ड. एकनाथने मला चेंडूमागे टेकवलं आहे. फटका अजून मारलेला नाही.