उसने नाव

असिमिनाने शिजलेला गहू धुवट कापडावर पसरला आणि तळव्याने तो हलकेच टिपू लागली. दाण्यात ओल राहिली की सकाळपर्यंत तो आंबतो, आणि मेलेल्याच्या नावाचा आंबलेला गहू कोणी तोंडात घेत नाही.

समोर एव्हांथिया डाळिंब सोलत बसली होती. उद्या तिच्या मुलाचा, फोटिसचा चाळिसावा दिवस. तिला स्वतःची चूल नव्हती. गेल्या हिवाळ्यात जर्मनांनी तिचे घर जाळले, तेव्हापासून ती चर्चमागच्या कोठीत राहत होती. म्हणून गहू शेजारणीकडे, असिमिनाच्या चुलीवर शिजला.

सव्वा महिन्यापूर्वी पुलापाशी जर्मनांनी तीन पोरांना गोळ्या घातल्या होत्या. गिरणीच्या दारावर डकवलेल्या कागदात तिसरे नाव फोटिसचे होते. हा फोटिस अडीच वर्षांपूर्वी अल्बेनियाच्या आघाडीवरून परतला नव्हता, आणि एव्हांथियाने त्याचे नाव मृतांच्या यादीत कधी घालू दिले नव्हते. आधी प्रेत दाखवा, मग घंटा वाजवा, असे ती पाद्रीबाबांशी भांडली होती. बायका पाठीमागे हसत. कागद लागला त्या दिवशी शिपाई तिला पुलावर घेऊन गेले. पोत्याखालचे तोंड काही दाखवले नाही, एवढेच तिने परत येऊन सांगितले आणि निमूटपणे काळे कपडे चढवले.

खरे काय ते असिमिनाला ठाऊक होते. त्या पोरांना मरणाआधीचा शेवटचा प्रसाद द्यायला गेलेल्या पाद्रीबाबांनी तिला दुसऱ्या दिवशी चर्चच्या खांबाआड गाठले होते. तिसरा असिमिनाचाच मुलगा स्ताथिस होता. खरे नाव दिले तर घर जाईल, दोघी बहिणी जातील, म्हणून त्याने एव्हांथियामावशीच्या मुलाचे नाव दिले. तिच्याकडे जाळायला आता काही उरलेले नाही, असे तो पाद्रीबाबांना म्हणाला होता. एकोणीस वर्षांचे पोर. त्याला तेवढेच सुचले. वाट पाहणेही जळते, हे त्याला कसे ठाऊक असणार?

तेव्हापासून असिमिना काळे न घालता रोजच्या तपकिरी झग्यात हिंडत होती. पोरगा शहरात कामाला आहे, असे विचारणाऱ्याला सांगत होती. विहिरीवर, वाटेवर, अंथरुणात लेकींच्या शेजारी, कुठेच रडायची सोय नव्हती.

आज मात्र सांगून टाकायचे तिने ठरवले होते. या बाईचा मुलगा कदाचित जिवंत आहे, आणि ती त्याच्या नावाने गहू वाढायला निघाली आहे. हे आणखी किती दिवस गिळायचे? पण एव्हांथियाने काळे उतरवले, तर गाव विचारील, मग तिसरा कोण? पलीकडच्या खोलीत धाकट्या लेकीचा माग खटखटत होता.

"ताई, तुला काही सांगायचंय."

"आधी गहू टीप. बोलायला लागलीस की तुझे हात थांबतात. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तशीच आहेस."

"फोटिसबद्दल आहे."

एव्हांथियाने डाळिंब खाली ठेवले. थोडा वेळ ती मागाचा आवाज ऐकत राहिली.

"पुलावर त्यांनी पोतं उचललं होतं," ती म्हणाली. "तोंड दाखवलं नाही असं मी सांगत आले, ते खोटं. हा तुझाच ना, असं विचारलं. मी म्हटलं, माझाच."

असिमिनाचा तळवा गव्हावर थिजला.

"हात धरला होता मी त्याचा. नखं पार मांसापर्यंत कुरतडलेली."

असिमिना कापडाचे टोक सरळ करत राहिली. ते सरळच होते.

"कडू क्विनीन चोळायचे मी त्याच्या बोटांना," शेवटी ती म्हणाली. "तरी सवय गेली नाही."

"नाही गेली."

एव्हांथिया उठली. रस्त्याकडची खिडकी तिने सताड उघडली, डोक्यावरचा काळा रुमाल सोडला, पांढरे केस खांद्यांवर मोकळे केले. मग अडीच वर्षे जे नाव तिने मेलेल्यांत मिसळू दिले नव्हते, ते घेऊन विलाप सुरू केला, इतक्या उंच स्वरात की खालून जाणाऱ्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या आणि छातीवर क्रूसाची खूण केली. चौकातल्या शिपायाने एकदा वर पाहिले आणि तोंड फिरवले.

विलापाला एकीचा गळा पुरत नाही. शेजारणीने खालच्या पट्टीत सूर धरायचा असतो.

असिमिनाने ओले हात झग्याला पुसले, खिडकीपाशी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली, आणि सूर धरला.