मान हलवणाऱ्यांचं यंत्र

एक हिरवा दिवा. एक लाल.

आईचा फोन: "अगं, तुझं शिकणं संपायचं कधी? धाकट्याला दुसरं पोर झालं!"

शंभर तासांचं चित्रीकरण. चाळीस विद्यार्थी. शिकवणारे सर एकच.

कंपनीचं दोन ओळींचं पत्र: आधी प्रात्यक्षिक बघू. मग करार वाढवायचा का ते ठरवू.

हे सगळं येऊन पडलं ताईच्या डोक्यावर. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली ती सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी, म्हणून सरांसकट सगळे तिला ताईच म्हणत. कंपनीशी केलेल्या करारातून तिनं यंत्र बनवलं होतं. ते ऐकणाऱ्याचा चेहरा बघायचं. समजलं तर हिरवा, नाही तर लाल. करार संपला तर यंत्र कंपनीचं आणि ताईचा प्रबंध पाण्यात.

कंपनीच्या संचालकबाई कॅमेऱ्यासमोर बसल्या. सर समजावू लागले. बाईंनी छान मान डोलावली.

लाल.

सरांनी पुन्हा समजावलं. बाईंनी आणखी जोरात मान हलवली. लालच.

"ताई, वायर सैल आहे का गं?" सर कुजबुजले आणि फळ्याकडे वळून पहिल्यापासून सुरू झाले.

वायर घट्ट होती. ताईच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. यंत्र शिकलं होतं ते सरांच्याच तासांवर. काही कळेनासं झालं की तिथे पोरं माना डोलवायची, कारण कुणाच्या कपाळावर आठी दिसली की सर पहिल्यापासून सुरू करत. तासानंतरच्या चाचणीत त्याच पोरांना भोपळा. यंत्रानं दोन्ही जुळवलं: मान हलली, म्हणजे डोक्यावरून गेलं.

"बुडालं सगळं," ताई पुटपुटली.

बाईंनी बरोबरच्या माणसांना बाहेर पिटाळलं, दार लावून घेतलं. सर पाठ करून फळ्याशीच बोलत राहिले.

"खरं सांग, याला कळलं कसं?"

"काय, मॅडम?"

"सकाळपासून मला एक अक्षर कळलेलं नाही! बारा वर्षं मी बैठकांत अशीच मान हलवतेय. कुणाला पत्ता नाही."

ताईनं सगळं सांगून टाकलं. बाई हसता हसता खुर्चीतून घसरायच्या राहिल्या.

"आमच्या बैठकीत लावलं तर?"

"सगळेच लाल होतील."

"मग तीन वर्षांचा करार काढ. मला बघायचंय एकेकाला."

सर फळ्याकडून वळले. "समजलं ना सगळं?"

दोघींनी माना डोलावल्या.

सरांच्या पहिल्या तासाला पहिली मान ताईनं हलवली होती.