कॉलरच्या मशीनशेजारची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. पाय तीन, पाठ नाही, हात नाहीत, आणि रंग म्हणाल तर तो कधीच उडून गेला. पण कान मात्र शाबूत आहेत हो!

सुताराने आधी टेबलं केली, खुर्च्या केल्या, आणि जे लाकूड उरलं त्यातून मला घडवलं. तरी माझी बैठक त्याने इतकी मन लावून घासली, की हात फिरवला तर एक कुसळ लागू नये. तिथून मी शर्ट शिवण्याच्या कारखान्यात आले आणि कॉलरच्या मशीनशेजारी उभी राहिले.

आता मला सांगा, तिवई कशासाठी असते? बसायलाच ना? पण माझ्यावर कोणी बसेल तर शपथ! कॉलरींचे गठ्ठे, कोणाचा डबा, कोणाची पिशवी. एकदा तर चक्क ओली छत्री! मला असा संताप यायचा म्हणून सांगू!

खरं तर मला आणलं होतं देखरेख करणाऱ्या ताईंसाठी. त्यांना सगळ्याजणी मागून घाईताई म्हणायच्या. मनाने वाईट नव्हत्या हं. कोणाचं लेकरू तापलं असलं, तर त्याच तिला आधी घरी पिटाळायच्या. पण कोणाचं काम चुकलं की त्यांचे हात शिवशिवायचे. "उठा, उठा, द्या इकडे!" म्हणत त्या स्वतः मशीनवर बसायच्या, खाडखाड शिवून टाकायच्या आणि म्हणायच्या, "बघितलंत ना? अस्सं!" काय बघणार, कपाळ? नजर पोचेपर्यंत काम संपलेलं असायचं.

हे सगळ्यात जास्त व्हायचं मावशींच्या बाबतीत. मावशी आधी कित्येक वर्षं खाली बसून शर्टांचे लोंबते दोरे कातरायच्या आणि मान वर करून मशीनकडे बघायच्या. शेवटी त्यांना कॉलरचं मशीन मिळालं. पहिल्या दिवशी त्यांनी ते इतकं पुसलं, की मला वाटलं, आता माझाही नंबर लागतोय! पण त्यांच्या कॉलरचं एक टोक छान टोकदार यायचं आणि दुसरं बोथट. मग घाईताई धावत यायच्या, ते टोक उसवून पुन्हा शिवायच्या. मावशी शेजारी उभ्या.

एके दिवशी कारखान्याच्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी घाईताईंना इथेच, माझ्याजवळ बोलावलं.

"मावशी का चुकतात, काय वाटतं तुला?"

"लक्ष नसतं त्यांचं."

"हे त्यांनी सांगितलं तुला?"

घाईताई मशीनवरचे दोरे झटकू लागल्या. मोठ्या बाई नुसत्या वाट बघत राहिल्या. अखेर घाईताई हळूच म्हणाल्या, "मी कधी विचारलंच नाही."

"मग विचार. शनिवारी हे मशीन कोणाकडे द्यायचं ते ठरवायचंय. तोवर त्यांच्या कॉलरला हात लावायचा नाही. शेजारी बसायचं, विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. पी हळद अन् हो गोरी असं होत नसतं, बाळा."

मावशींनी ते ऐकलं. शनिवारी मशीन गेलं, तर पुन्हा खाली बसून दोरे कातरायचे! त्यांचा चेहरा एवढासा झाला. माझंही काळीज हललं. तिवईला काळीज कुठलं, असं म्हणू नका.

अहो, दुसऱ्या दिवशी घाईताई खरंच माझ्यावर बसल्या! पण सवय जाते का लगेच? "कुठे अडतंय? कोपऱ्यावर ना? मग सुई कापडातच ठेवून कापड वळवा की!" प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच. मावशींनी आपली नंदीबैलासारखी मान हलवली आणि टोक पुन्हा बोथट आलं.

त्याच्या पुढच्या दिवशी घाईताईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि मगच विचारलं, "मावशी, कुठे अडतंय?" मग त्या गप्प बसल्या. गप्प बसणं किती अवघड असतं, ते मला विचारा! त्यांची नखं माझ्या लाकडात रुतत होती.

बऱ्याच वेळाने मावशी म्हणाल्या, "राग नाही ना येणार, ताई? पहिलं टोक मी निवांत करते. दुसऱ्या टोकाशी येते आणि तुमच्या चपलांचा आवाज ऐकू येतो. वाटतं, आता ओढून घेतील. मग पाय आपोआप जोरात दाबला जातो आणि सुई कोपऱ्यावरून पुढे पळते."

घाईताई एकदम म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळे?" मावशींनी खाली बघितलं.

"मग काय केलं तर जमेल, मावशी?"

"तिथे जरा थांबले तर जमेल. थांबू?"

"थांबा की! मी कुठे पळून चाललेय?"

मावशी कोपऱ्यावर थांबल्या. कापड सावकाश वळवलं. कॉलर उलटवून टोकं बाहेर काढली आणि नेहमीच्या सवयीने घाईताईंपुढे धरली. घाईताईंनी ती घेतली नाही. "तुम्हीच बघा. बरोबर आहे का, ते तुम्ही मला सांगा."

मावशींनी कॉलर मधोमध दुमडून एक टोक दुसऱ्यावर ठेवलं. "बरोबर आहे," त्या पुटपुटल्या. मग केवढ्याने तरी म्हणाल्या, "अहो ताई, बरोबर आहे!" तेव्हा घाईताईंनी डोळे पुसले. मला पुसता येत नाहीत, म्हणून मी तशीच राहिले.

शनिवारी मशीन मावशींकडेच राहिलं. आणि मित्रांनो, तेव्हापासून मला उसंत नाही. घाईताई मला ओढत कधी या मशीनशेजारी नेतात, कधी त्या. फरफटून फरफटून माझा एक पाय हल्ली डगमगतो. परवाच कोणीतरी म्हणालं, टाकून द्या हिला. अहो, एक खिळा ठोकलात तर मी अजून पुष्कळ वर्षं उभी राहीन! शिकणाऱ्या माणसाचंही असंच असतं. डगमगला म्हणून त्याला लगेच टाकून देऊ नका. आधी जवळ बसून विचारा, बाबा रे, कुठे दुखतंय?