मोकळे पत्रे

वादळ ओसरलं त्या सकाळी इस्त्रीवाल्या मावशींचा हिशेब मांडला असता, तर शिल्लक त्यांच्याच बाजूला पडली असती. जमेला चार निळे पत्रे: जाड, न गंजलेले, अंगणात आपणहून येऊन पडलेले. खर्ची स्वतःचं छप्पर. पण ते गळकंच होतं, आणि वादळानं ते कुठे नेलं याची चौकशी करण्याइतकी माया मावशींना त्याच्याबद्दल उरली नव्हती. काळजी एकच होती. उघड्या खोलीत गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे होते, आणि आभाळ पुन्हा भरून येत होतं.

पत्रे कुणाचे, हा प्रश्नच नव्हता. समोरच्या बेकरीच्या छपरावर ‘ताजा ब्रेड’ असं लिहिलेलं आम्ही गल्लीतले लोक वर्षानुवर्षं वाचत आलो होतो, एका पत्र्यावर एक अक्षर. आता बेकरीवर ताडपत्री होती आणि अक्षरं मावशींच्या अंगणात. मावशी सरळ माणूस. जाऊन बेकरीवाल्या भाऊंना म्हणाल्या, तुमचं सामान आलंय आमच्याकडे, घेऊन जा. भाऊंनी पाव कापता कापता, मान वर न करता सांगितलं की त्यांचा एकही पत्रा हरवलेला नाही. मग ताडपत्री कशाला? भट्टीचा ताप फार होतो, हवा खेळती राहावी म्हणून.

मावशी गोंधळून परत आल्या. गोंधळ त्यांच्या एकट्यांचा नव्हता म्हणा. सकाळपासून गाडीवरच्या भोंग्यातून सरकारचा आपत्कालीन हुकूम ऐकवला जात होता. जी वस्तू मोकळी पडलीय आणि जिचा मालक पुढे येत नाही, ती राडारोडा. तो उचलायला सरकारी पथक कुणाच्याही आवारात न विचारता शिरेल. मालक पुढे आलाच, तर त्यानं गल्लीतलं आपलं सगळं सामान उचलायचं आणि त्या सामानानं केलेलं नुकसानही भरून द्यायचं. आता निळा पत्रा गल्लीत आणखी एक होता. कोरा, बिनअक्षराचा, दातांच्या डॉक्टरांच्या नव्या गाडीच्या काचेत अर्धा शिरलेला. भाऊंना एवढी हवा का लागत होती, ते आम्हाला तेव्हा कळलं.

दुपारी पथकाचे साहेब आले. त्यांनी अंगणातले चार पत्रे लिहून घेतले, तिथूनच वरती कळवले आणि उद्या नेतो म्हणाले. मावशींनी विचारलं, मग मी झोपू कुठे? साहेब म्हणाले, तो विभाग वेगळा.

संध्याकाळी मावशींनी शिडी मागितली. आमच्याचकडे मागितली, आम्ही दिली आणि वर हातही लावला. घाईत अक्षरांचा क्रम कुणी पाहिला नाही, त्यामुळे सकाळी गल्ली उठली तेव्हा मावशींच्या घरावर ‘जाता ब्रेड’ असं लिहिलेलं होतं.

साहेब ते वाचत बराच वेळ अंगणात उभे राहिले.

“पत्रे कुठे आहेत, मावशी?”

“कुठले पत्रे? हे छप्पर आहे.”

“काल हा राडारोडा होता.”

“काल मोकळा होता, साहेब. आज खिळे ठोकलेत. भोंग्यात मोकळं म्हणतात.”

साहेबांनी भोंग्याची गाडी थांबवून हुकूम पुन्हा नीट ऐकला. मग वरती फोन लावला. वरच्यांनी विचारलं, राहत्या घराचं छप्पर उचकटायला कुठलं कलम लावणार? साहेबांना कलम सापडेना. पण चार पत्रे कळवून झाले होते. आता शून्य कळवलं, तर ते चार गेले कुठे, हे वरचे विचारणारच. साहेब मावशींच्या स्टुलावर बसले. मावशींनी त्यांना सांगितलं की कॉलर चुरगळलीय, शर्ट काढून दिलात तर इस्त्री फिरवून देते.

नेमका तेव्हाच टेम्पो आला आणि बेकरीसमोर रस्त्याच्या कडेला चार नवे पत्रे उतरवून दुसऱ्या खेपेला निघून गेला. साहेबांची नजर त्यांच्यावर गेली. ते उठले, जवळ जाऊन कुणाचे म्हणून विचारू लागले. भाऊ पिठाच्या हातांनीच धावत आले.

“माझे, साहेब. आत्ताच आणलेत.”

“कशाला?”

“छपराला.”

“आधीचं छप्पर कुठे गेलं?”

डॉक्टर त्यांच्या पायरीवर येऊन उभे होते. भाऊंनी पत्र्यांकडे पाहिलं, मग गाडीच्या काचेकडे, मग परत पत्र्यांकडे. ओठ नुसते हलत होते. काय बेरीज-वजाबाकी चाललीय ते आम्हाला लांबून कळत होतं.

“माझे नाहीत,” भाऊ शेवटी म्हणाले. “टेम्पोवाला चुकून टाकून गेला असेल.”

पथकानं मोजून चार पत्रे ट्रकमध्ये चढवले. साहेबांचा जीव भांड्यात पडला. मावशी मात्र अजूनही गोंधळलेल्याच होत्या. भाऊंचं म्हणावं तर भाऊ नको म्हणतात, सरकारचं म्हणावं तर सरकारनं दुसरंच नेलं. त्यांनी साहेबांना गाठलं.

“मग मी राहते ते छप्पर आता कुणाचं?”

“मावशी,” साहेब म्हणाले, “ते मला विचारू नका, आणि कुणालाच विचारू नका.”

भाऊंनी टेम्पोवाल्याला पुन्हा फोन केला. एकूण छपरं झाली तीन: एक मावशींना गेलं, एक सरकारला, एक बेकरीवर चढलं. तिन्हींचे पैसे भाऊंनी भरले. काचेचे डॉक्टरांनी.