करडई फुलेपर्यंत

रूपालीने कोंबडीचं पीस पेटीच्या दाराशी घातलं आणि मेलेल्या मधमाशा बाहेर ओढल्या. मूठभर निघाल्या. पेटीचं तोंड आणि खालची फळी पिवळ्या-तपकिरी शिंतोड्यांनी माखली होती. तिने ओल्या फडक्याने फळी पुसली. उद्या पुन्हा पुसावी लागणार, हे तिला ठाऊक होतं.

"जित्या हायेत का गं?" ओसरीवरून सासूने विचारलं.

"हायेत, आत्या."

धुरपताबाई काठी टेकत लिंबाखाली आली. तिला ऐकू कमी यायचं, पण हाताला गुणगुण कळायची. पेटीच्या लाकडावर तळहात ठेवून ती डोळे मिटून उभी राहिली. लेक गेल्यापासून तिचा हा रोजचा नेम होता. भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे ती चुकूनही बघत नसे. पेटीपाशी मात्र दिवसातून चारदा यायची.

लेक म्हणजे आनंदराज, रूपालीचा नवरा. पोळ्याच्या सुमारास विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये करंट उतरला आणि धडधाकट माणूस उभ्या उभ्या गेला. मागे राहिली माय, बायको आणि मधमाशांच्या सात पेट्या. देवणीकडच्या त्या गावात माशा पाळणारा तो पहिलाच. लोक हसायचे, लोकांना काय, बोलायला तोंड फुकट मिळालेलं. पण करडई फुलली की त्याच्या पेट्या मधाने जड व्हायच्या, आणि मग तेच लोक बरणी घेऊन दारात उभे राहायचे.

यंदा धुक्याने तुरीचा फुलोरा गळून गेला आणि करडई अजून काटेरी बोंडांतच होती. असल्या रिकाम्या दिवसांत माशांना खायला काही नसतं. आनंदराज तेव्हा साखरेचा पाक करून द्यायचा. रूपालीही तसाच करत होती. पाणी उकळायचं, साखर विरघळवायची, गार करून पेटीत वाटी ठेवायची, माशा बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकायच्या. त्याने शिकवलं होतं त्यात तिने इकडचं तिकडे केलं नव्हतं. तरी पेट्या एकामागून एक गप्प होत गेल्या. आता ही एकच उरली होती. त्याचं घरात जिवंत असं एवढंच उरलंय, आणि तेही आपल्या हातून चाललंय, असं तिच्या सारखं मनात येई.

शेवटी तिने उदगीरच्या सुदर्शनला फोन केला. पेट्यांचं काम आनंदराज त्याच्याकडेच शिकला होता. दुपारी तो मोटारसायकलवरून आला, बसलाही नाही, थेट लिंबाखाली गेला. फळीवरचे डाग त्याने नखाने खरवडले. मग झाकण उचललं आणि आतली वाटी उन्हात धरली.

"वहिनी, पाक कशाचा द्यायल्यात?"

"साखरेचा. ह्यांनी सांगितला तसाच."

त्याने बोट बुडवून जिभेला लावलं.

"हा गूळ हाय."

रूपालीने वाटी हातात घेतली. सकाळी तिने पाण्यासारखा नितळ पाक ओतला होता. आता वाटीत कोऱ्या चहाचा रंग होता.

"गुळानं माशायला हगवण लागते," सुदर्शन हळू आवाजात म्हणाला. "थंडीत बाहेर जाता येत न्हाई. आतल्या आत मरतात. आधीच्या पेट्या बी..."

तो थांबला, कारण धुरपताबाई तांब्या आणि ताटली घेऊन येत होती. ताटलीत गुळाचा खडा होता. बाहेरून कुणीही आलं, मग तो पाहुणा असो की मजुरीवरून परतलेलं घरचं माणूस, आधी गूळपाणी. या घरात ते कधी चुकलं नव्हतं.

"घे, सुदर्शन. लांबून आलास." तिने ताटली पुढे केली. तिची नजर वाटीवर गेली आणि तिचा चेहरा जरा खुलला. "त्यायला बी मी रोज देते. ही अंगणवाडीत कामाला गेली की पेटीतली लेकरं रानभर हिंडून येतात. फुलं न्हाईत, काई न्हाई. नुसत्या साखरेच्या पाण्यानं काय व्हतंय? म्हणून गूळ विरघळून वतते. चांगला लालसर, बिनाकेमिकलचा. आनंदसाठी ठेवलेल्या ढेपीतला."

ओरडून सांगावं, तुमच्या गुळानं मारल्या सगळ्या, असं रूपालीच्या अगदी ओठांवर आलं. तिने म्हातारीच्या हातांकडे पाहिलं. बोटांना गूळ चिकटला होता. राग होता तसाच राहिला.

"कशानं मरायल्यात रे?" धुरपताबाईने सुदर्शनला विचारलं. "तुला तर कळतंय."

सुदर्शनने रूपालीकडे पाहिलं. तिने 'नको' म्हणून मान किंचित हलवली.

"थंडीनं, आत्या," तीच मोठ्याने म्हणाली. "औंदा थंडी लई हाय."

सुदर्शनने खडा तोंडात टाकला आणि वर तांब्याभर पाणी प्याला.

"आता वाटीचं मीच बघीन," रूपाली म्हणाली. "तुमाला वाकायला नको. कंबर धरते तुमची."

धुरपताबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग वाटीकडे. मग फळीवरच्या डागांकडे.

"बरं," ती म्हणाली आणि काठी टेकत आत गेली.

रूपालीने वाटी राखेने घासली, नवा पाक केला, पेटीभोवती पोतं गुंडाळलं. पण उशीर झाला होता. आठवडाही गेला नाही. एका सकाळी शेजारच्या पंचाक्षरीच्या शेतात करडईची पहिली पिवळी फुलं दिसली. ती पाहून रूपाली जवळजवळ पळतच पेटीशी आली, तर दाराशी एकही माशी नव्हती. आत चौकटींवर त्या मरून तशाच चिकटलेल्या होत्या, डोकी मेणाच्या घरांत खुपसून.

धुरपताबाई तिच्या मागोमाग आली. तिने झाकणावर हात ठेवला. मग कडेला ठेवला, मग मागच्या बाजूला. सगळीकडे ठेवून पाहिला.

"गार हाय," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने चहा केला. त्या घरात चहा गुळाचाच व्हायचा. रूपालीने पहिला घोट घेतला आणि कप ओठांपाशीच थांबला. चहात गोडी नव्हती. चुलीमागे गुळाचा डबा घासून पुसून उपडा घातलेला होता. दारातून उकिरडा दिसत होता. त्यावर अर्धी ढेप पडली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या.

धुरपताबाई बशीत तोंड घालून तसलाच चहा पीत होती. तिने मान वर केली नाही.

"बरा झालाय का गं?" तिने विचारलं.

रूपालीने कप तळापर्यंत रिकामा केला आणि पुढे धरला.

"झालाय, आत्या. असला तर अजून घोटभर द्या."