राईला दिलेली गाठ

सुनीलच्या आतड्यातून काढलेली गाठ तपासायला पुण्याला जायची होती, ती अंबाबाईनं आहुप्याच्या देवराईत पुरली. डॉक्टरांनी भरवशाचं माणूस म्हणून गाठीची बाटली त्याच्या आईच्या, अंबाबाईच्याच हाती दिली होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय!

सुनीलची बायको नूतन संतापली. "आत्याबाई, डॉक्टर काय म्हनलं? आतड्याच्या स्नायूची गाठ, लाखात एखाद्याला व्हते. वीतभर आतडं कापलंय त्यांचं. पुन्हा उगवंल का न्हाई, ते तपासल्याबिगर कळायचं न्हाई."

"देवाला दिलं ते दिलं," अंबाबाई म्हणाली. "राईतली काडीसुदा कुनी भाईर आनत न्हाई."

नूतनला नवरा हवा होता. देव रुसला तर रुसला म्हणत भर दुपारी ती विळा घेऊन राईत शिरली. आत एक पाखरू बोलत नव्हतं. हिरड्याच्या बुंध्याशी माती भुसभुशीत होती. चार बोटं उकरताच बाटली लागली. झाकण आतून कुणी रेटावं तसं वर उचललं गेलं होतं. तिला भीती वाटली, लई वाटली. तरी फडक्यात बाटली आवळून ती मागं न बघता बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पुण्याला देऊन आली.

आठ दिवसांनी मंचरला डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. कडा साफ होत्या, गाठ पुरती निघाली होती. मग ते आपली जुनी नोंद चाळू लागले.

"ताई, मी काढली तेव्हा चार सेंटिमीटर होती. लॅबवाले नऊ म्हणतात. औषधाच्या पाण्यात गाठ आकसते, वाढत नाही. बाटली हीच होती ना?"

"हीच. दवाखान्यातच तिच्यावर नाव माझ्याच हातानं लिवलं व्हतं."

"मग त्यांचंच मोजताना चुकलं असेल. चारची असेल तर सुनील म्हातारा होईल."

"आन् नऊची?"

"तर दोन-तीन वर्षं," ते म्हणाले.

घरी येऊन तिनं सगळं सासूला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. म्हातारी तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले.

"राईत वाढली व्हय?" ती हळूच म्हणाली. "मंजी माझ्या लेकात वाढायची, ती तिथं वाढत व्हती. देवानं अंगावर घेतली व्हती, पोरी. तू भाईर कशाला काढलीस?"

आतल्या खोलीतून सुनीलनं हाक मारली. पोट जड वाटतंय म्हणाला.